थोडा प्ले

समीक्षानं छोट्या विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेची पट्टी बोटानं वर-खाली ढकलली आणि तिला पुन्हा तीच टकटक ऐकू आली. बारीक, कडी सैल झालेल्या दारासारखी.

"नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "नाही, नाही, नाही."

काल संध्याकाळीच तिनं ही पट्टी बसवली होती. पंखाच्या पोटात काडेपेटीपेक्षाही लहान निळी मोटर, जिला तिच्या कॉलेजातली पोरं सर्व्हो म्हणतात. त्या मोटरीवर एक पांढरा दांडा. आणि दांड्यापासून पट्टीवरच्या प्लास्टिकच्या शिंगापर्यंत गेलेली एक तार. मोटर फिरली की तार सरकते, तार सरकली की पट्टी उचलते आणि विमान त्या बाजूला कलतं. एवढाच सगळा कारभार. पण त्यात एक अट आहे. शिंगाच्या भोकात तार घट्ट बसली पाहिजे, केसभरही ढिलाई चालत नाही. काल ती घट्ट होती, हे समीक्षा कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार होती. आणि आज तीच तार भोकात खुशाल खुळखुळत होती.

तिनं पंख खिडकीच्या उजेडात धरला. भोक कुणीतरी मोठं केलं होतं. चुकून नव्हे, चांगलं गरागरा फिरवून.

"बाबा!"

धर्मपाल पाईकराव अंगणात मोटारसायकल पुसत होते. उभा जन्म उमरखेड-नांदेड रस्त्यावर एसटी चालवून ते जूनमध्ये निवृत्त झाले, पण घरात अजूनही गाडी स्टँडात शिरावी तसेच शिरायचे. समोरच्यानं बाजूला व्हायचं. खांद्यावर टॉवेल टाकून ते आत आले.

"काय व, काहून बोंबलून राह्यली?"

"हे भोक कोनं मोठं केलं?"

"म्या केलं." चेहऱ्यावर अपराधाची रेघ नाही. "दाभनानं. पयले चुलीवर लाल केलं, मंग फिरवलं. फटकन जमलं."

"दाभणानं! पोती शिवायच्या!"

"मंग? लयच टाइट होतं थे. समे, तू एवढी कॉलेजात शिकवते, तुले हे ठाऊक नाई? कोन्याबी स्टेअरिंगले थोडा प्ले पाहिजे, थोडी ढील पाहिजे. बिनाप्लेचं स्टेअरिंग म्हंजे मरन. चाक खड्ड्यात गेलं का सारा झटका हातावर."

"आभाळात खड्डे नसतात, बाबा."

"मंग त सवालच मिटला. प्ले चालते."

आता घ्या! या माणसाशी वाद तरी काय घालणार? समीक्षानं डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. तिची आई कांताबाई नेहमी म्हणते, तुझ्या बापाला शेवटचा शब्द पाहिजे असतो, तो देऊन टाकावा आणि आपलं काम करावं. पण हे काम तरी करू द्यायला पाहिजे ना! सुट्टीवर आल्यापासून ती या पंखाशी झटत होती, आणि ती झोपली की बाप दाभण घेऊन हजर.

मग तिला एकदम दसरा आठवला.

दसऱ्यालाही ती अमरावतीहून आली होती, पहिला पंख घेऊन. तिनंच चाचणी घेतली. विमान झकास वर गेलं, वेग घेतला, आणि डावी पट्टी अशी काही फडफडायला लागली की बघता बघता पंख मधोमध मोडला. सोयाबीनच्या बांधावर, त्या धुऱ्यावर, विमानाचा पार चेंदामेंदा झाला. तार ढिली राहिली, आपलंच माप चुकलं, असं म्हणून तिनं स्वतःला किती कोसलं होतं. आता दिवाळीची सगळी सुट्टी या नव्या पंखात चालली होती.

"बाबा, दसऱ्याच्या पंखालेबी तुमीच दाभण लावलं होतं का?"

धर्मपालांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"दसऱ्याले हवा जास्त होती," ते म्हणाले.

समीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. "विमान तुमच्यामुळं पडलं! अन् तिकडे भिंतीवर बिल्ला लावून ठेवला, विनाअपघात सेवा म्हणून!"

बोलून गेल्यावर तिला वाटलं, बिल्ल्याचं काढायला नको होतं. बुद्धाच्या तसबिरीखाली तो बिल्ला टांगलेला होता आणि रोज सकाळी बाबा तसबिरीसोबत तोही पुसायचे. पण ते नुसते बाजेवर जाऊन बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. तेच जास्त टोचलं.

तशी सगळी चूक तिचीच होती म्हणा. निरोपाच्या कार्यक्रमात डेपोतल्या साहेबांनी विचारलं होतं, पाईकराव, आता पुढं काय? तर हे माइकवर म्हणाले, "आता विमान चालवाचं हाय." सगळा डेपो खो खो हसला. हसली नाही ती एकटी समीक्षा. लहानपणी जो जेव्हा तेव्हा तिला केबिनमध्ये मांडीवर घेऊन आभाळातली पांढरी रेघ दाखवायचा, तो बाप तिला आठवला, आणि तिनं ठरवून टाकलं. खरं नाही तर नाही, पण विमान यांच्या हातून उडवायचंच. आता परवा, रविवारी, उत्तमसिंगकाकांच्या रिकाम्या शेतात ते उडायचं होतं. अर्धा डेपो बघायला येणार होता. तिथं पुन्हा पंख मोडला असता तर बाबांना उमरखेडात चहाच्या टपरीवर उभं राहणं मुश्कील झालं असतं.

कांताबाई चहा घेऊन आल्या. समीक्षाला कप काठोकाठ, धर्मपालांना स्टीलचा मोठा पेला आणि त्यात चहा अर्ध्याच्याही खाली.

"अर्धाच काहून?" समीक्षानं विचारलं.

"शुगर हाय," कांताबाई म्हणाल्या.

"शुगर तुले हाय, आई. बाबाले नाई."

"एकाले असली का दोघांनी सांभाळा लागते," असं म्हणून कांताबाई आत निघून गेल्या. धर्मपालांनी पेला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून उचलला. या घरात सरळ उत्तर म्हणून कुणाकडं नाही, असं मनाशी म्हणत समीक्षानं पक्कड उचलली.

तेवढ्यात फाटक वाजलं. उत्तमसिंग राठोड आत आले. बाबांच्याच गाडीवर वर्षानुवर्षं कंडक्टर होते, आणि अजूनही प्रत्येक वाक्य शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलायचे.

"काय पायलटसाहेब! तयारी झाली का? शेत साफ करून ठेवलं बरं, धसकटसुद्धा नाई ठेवलं. समीक्षाबाई, याले सांग, उडवता उडवता स्टॉप आला म्हनून ब्रेक नको मारू."

"तू घंटी नाई मारली त नाई मारनार," धर्मपाल म्हणाले.

"पाह्य पोरी, जबान अजून चालते याची. अन् मी म्हनलं, माह्या शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर म्हनून ये, दहा पावलावर शाळा, त म्हनते लेकरांचा कलकलाट सहन होत नाई! आता हे कोनाले सांगतं? ज्यानं शाळेच्या लेकरांसाठी बिनास्टॉपची गाडी थांबवून साहेबांचे मेमो खाल्ले!"

"सहन होत नाई म्हनलं ना," धर्मपाल एकदम तडकले. "किती खेप सांगू?"

उत्तमसिंग गडबडले. जाता जाता समीक्षाकडे पाहून त्यांनी हात हवेत फिरवला, याला झालं तरी काय, अशा अर्थी. यावरून ती स्वतःच फोनवर बाबांशी तासभर भांडली होती. माणूस घरात बसून गंजतो, म्हणाली होती. तर म्हणाले, मी मोटारसायकल पुसतो की रोज.

तिनं बिघडलेलं शिंग काढून फेकलं आणि पाकिटातलं नवं चिकटवलं. आधी मोटर चालू करून ती तिच्या मधल्या जागेवर येऊ दिली, मग दांडा बरोबर काटकोनात बसवला, तार भोकातून दाबून ओवली. बोटानं पट्टी हलवून पाहिली. टकटक नाही. दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं. कामात गेल्यावर राग जरा ओसरला.

"बाबा, हे धरा." तिनं रिमोट त्यांच्यापुढं केला. "मी तारा पाहते, तुमी कांडी हलवा."

"तूच हलव ना."

"माह्ये दोन्ही हात पंखात हायेत."

"तुह्या आईले बोलाव."

"आईचे हात पिठात हायेत. अन् रविवारी आई उडवनार हाय का? तुमी आतापर्यंत एकदा तरी रिमोट हातात धरला का माझ्यासमोर? जवा म्हनलं तवा, मंग पाहू, मंग पाहू! कोनासाठी करून राह्यली मी हे?"

धर्मपालांनी हळूच मांड्यांखालून हात काढले. रिमोट घेतला, मांडीवर टेकवला.

"उजवीकडे."

पट्ट्या हलल्या. एक वर, एक खाली, अगदी हव्या तशा.

"डावीकडे. बरोबर. आता मधात आना अन् तशीच धरून ठेवा."

पट्ट्या मध्यावर आल्या आणि थरथरायला लागल्या. दोन्ही मोटरी किरकिरत होत्या.

"आता हे काय नवीन!" समीक्षानं कपाळावर हात मारला. "ठेवा तो रिमोट खाली."

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला. किरकिर बंद. तिनं वायरीच्या पिना काढून पुसल्या, परत दाबून बसवल्या. "आता धरा." पुन्हा थरथर. तिनं स्वस्तातल्या मोटरी पाठवणाऱ्या दुकानदाराला मनातल्या मनात शेलक्या शिव्या हासडल्या आणि डावीकडची मोटर उपसून काढली. चिकटवलेली मोटर काढायची म्हणजे पंखाचा कागद फाटणार. फाटला. नवी मोटर बसवली, दांडा परत काटकोनात, तार परत भोकात. मान आखडली, बोटांना गोंद लागला, बाहेर दुपार कलली, आणि आत बाबा एक शब्द न बोलता समोर बसलेले. हे गप्प बसणं तर त्यांच्या बोलण्याहून वाईट.

"धरा आता. मधात."

थरथर. नवी मोटर, जुनी मोटर, दोन्ही.

समीक्षाला रडूच यायचं बाकी होतं. मग ती थांबली. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, एकाच चालीत थरथरत होत्या. दोन मोटरी काही ठरवून एकसारख्या बिघडत नाहीत. म्हणजे खोट पंखात नव्हतीच. खोट अलीकडे होती.

"आना इकडे, रिमोटच..." म्हणत तिनं मान वर केली आणि हात पुढं केला.

कांडीवर बाबांचा अंगठा होता. त्या अंगठ्याला लागून सगळा पंजा बारीक बारीक हलत होता, आणि डावा हात उजव्या मनगटाला घट्ट आवळून बसला होता. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते. ते दारातून बाहेर, मोटारसायकलीकडे पाहत होते.

समीक्षाचा पुढं केलेला हात तसाच राहिला. दाभण, मांड्यांखालचे हात, शाळेची गाडी, अर्धा पेला. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि ती मात्र गोंद आणि पिना पुसत बसली होती. तिला स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

तिनं मान खाली घातली. "बॅटरी उतरली वाटते," ती म्हणाली. "चार्ज करा लागते."

"मले वाटलंच," धर्मपाल म्हणाले. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि टॉवेल घेऊन ते अंगणात निघून गेले.

स्वयंपाकघरात कांताबाई भाकरी थापत होत्या. समीक्षा चुलीजवळ येऊन उभी राहिली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"कवापासून?"

"पोळ्यापासून. आधी सकाळीच व्हायचं, आता दिवसभर."

"अन् मले सांगतलं नाई?"

"आन घातली त्याहिनं." भाकरी तव्यावर पडली. "नांदेडच्या मोठ्या डॉक्टरले दाखवू म्हनलं, त म्हनतात, ज्या रस्त्यानं मी गाडी नेली त्या रस्त्यानं मी पेशंट म्हनून जानार नाई. मी काय करू? चहा अर्धा भरते. सांडला का लोकं पाह्यतात."

समीक्षाला आईचाही राग आला, बाबांचाही, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पण भांडायला आता कुणी समोर उरलं नव्हतं. ती परत टेबलाशी आली.

बाबा रोज रात्री, ती झोपल्यावर, एकटेच हा रिमोट धरून पाहत असणार, हे आता तिला दिसत होतं. एसटीची बस हात लपवून घेते. तिचं स्टेअरिंग जड असतं. हा दीडशहाणा पंख मात्र अंगठ्यातला कण न् कण सगळ्यांना दाखवत होता. म्हणून भोक मोठं केलं. तार ढिली झाली की थरथर तारेतच जिरायची, पट्टीपर्यंत पोचायची नाही. माणसाला त्याचा धंदा जे शिकवतो, तेच तो अडचणीत वापरतो.

तिनं रिमोटच्या छोट्या पडद्यावर यादी उघडली. त्यात एक सोय होती, कॉलेजातल्या पोरांना ती पहिल्याच वर्गात शिकवायची: कांडी मधल्या जागेच्या आसपास कितीही हलली तरी पट्टी जवळजवळ गप्प राहते, कांडी लांब नेली की मगच ऐकते. नवशिक्यांसाठी असते ती. तिनं आकडा वाढवला. मग स्वतःचा अंगठा कांडीवर ठेवून मुद्दाम थरथरवला. पट्ट्या थरथरल्या. आकडा आणखी वाढवला, पुन्हा अंगठा थरथरवला, अगदी तसाच, मघाशी पाहिलेला. असं करताना तिचे डोळे भरून आले, ते तिनं गोंदाच्या हातानंच पुसले आणि डोळ्यांची आग झाली. पण पट्ट्या शेवटी गप्प बसल्या.

"बाबा! झाली बॅटरी."

ते आले. जेवायला बोलवावं आणि भूक नसावी, तसे आले. तिनं रिमोट हातात दिला आणि आपण पंखावर वाकली, वर पाहिलं नाही.

"मधात धरा."

पट्ट्या हलल्या नाहीत. बाबांनी कांडी उजवीकडे नेली, डावीकडे नेली, पट्ट्या बरोबर वळल्या; पुन्हा मध्ये आणली. पट्ट्या जागच्या जागी.

"पाह्य!" धर्मपाल म्हणाले. आवाज पुन्हा स्टँडवरचा झाला होता. "आता कसा प्ले आला! मी काय बोंबलून राह्यलो होतो?"

"तार टाइटच हाय, बाबा. प्ले आत टाकला. रिमोटमधे."

"आत टाकता येते?"

"येते."

"मंग पयलेच काहून नाई टाकला? दोन पंख वाया गेले!"

हात टेकले या माणसापुढं.

"तुमी सांगतलंच नाई," ती म्हणाली.

धर्मपालांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावरचं दाभण उचललं आणि ते जागेवर ठेवायला आत गेले.

रविवारी शेतात डेपोतली माणसं धुऱ्यावर रांगेनं बसली होती. समीक्षानं विमान हातानं वर सोडलं आणि धर्मपालांनी कांडी ओढली. ते वर गेलं. तुरीच्या शेंड्यांवरून, बाभळीवरून वळलं, मोठ्या वळणानं, घाटातून भरलेली गाडी काढावी तसं सावकाश. परत येऊन डोक्यावरून गेलं तेव्हा उत्तमसिंगांनी तोंडात दोन बोटं घालून डबल घंटीसारखी शिट्टी मारली.

"हात पाहा रे याचा!" ते ओरडले. "अजून तसाच हाय!"

समीक्षा आभाळाकडेच पाहत राहिली. धर्मपाल मात्र हसले नाहीत. आणखी एक फेरी मारून त्यांनी रिमोट तिच्यापुढं धरला.

"उतरवाचं तू पाह्य."

"तुमीच उतरवा ना, चांगलं चाललं हाय."

"उतरव म्हनलं ना."

तिनं उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विमानाला हात लावून पाहिलं, उत्तमसिंगांनी सगळ्यांना भज्यांचा पुडा फिरवला. पांगापांग झाल्यावर बापलेक मोटारसायकलीपाशी आले. या गाडीवर मागं बसणं बाबांनी जन्मात पत्करलं नव्हतं. अमरावतीत ती रोज स्वतःची गाडी चालवायची, तरी उमरखेडात पाऊल टाकलं की ती मागं आणि बाबा पुढं. आताही ती सवयीनं पंख सांभाळत बाजूला उभी राहिली.

धर्मपालांनी खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ ती मुठीत ठेवली आणि मग तिच्यापुढं धरली. दुसऱ्या हातानं तिच्याकडचा पंख काढून घेतला आणि ते मागच्या सीटवर बसले, पंख मांडीवर आडवा ठेवून, दोन्ही हातांनी धरून.

समीक्षानं गाडी सुरू केली.

"क्लच सावकाश सोड," मागून आवाज आला. "ढाणकीकडून ट्रक येते, आरशात पाह्य. आरसा शोभेले नाई लावला."

"हाव, बाबा."

गाडी डांबरी रस्त्याला लागली. पंखाच्या पट्ट्या वाऱ्यानं हलू नयेत म्हणून त्यांनी तळहात वर दाबून धरले असावेत. तिला पाठीला त्यांची बोटं लागत होती.

"उद्याची पयली नांदेड पकडू," धर्मपाल म्हणाले. "पन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मले नको बसवू. त्यानं चुकीचा गिअर टाकला का मले बोलल्याबिगर राह्यवनार नाई."